भीती मोजणारी पट्टी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर रेघा मारायची जुनी लाकडी पट्टी! तसं नाही. माझ्या अंगावर सरकणारा एक पितळी काटा आहे. डाव्या टोकाला हसरा चेहरा रंगवलेला, उजव्या टोकाला घाबरलेला, आणि पाठीवर आकडे. ऑपरेशनच्या आधी माणसाला किती भीती वाटते, ते मोजण्यासाठी माझा जन्म झाला.

कोल्हापुरातल्या कृष्णात सुताराने १९९६ साली सागवानाच्या एका तुकड्यातून मला घडवलं, ते डॉक्टर अदितींसाठी. त्या ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायच्या आणि पेशंटच्या भीतीचा अभ्यास करायच्या. आदल्या दुपारी मला घेऊन त्या वॉर्डात जात. "जेवढी भीती वाटते, तेवढा काटा सरकवा," म्हणत. माझ्या पाठीवरचा आकडा टिपून घेत आणि पुढच्या खाटेकडे वळत.

माझं कौतुक खूप झालं. दुसऱ्या दवाखान्यांतले डॉक्टर मला हातात घेऊन पाहून गेले. तरी मी मनातून एकटीच होते. घामेजलेली बोटं माझ्यावर टेकत, मला वाटे, आता हे माणूस काही बोलेल. तोवर मला उचललेलं असे. कोडोलीच्या एका मिशाळ पैलवानाने मुलांदेखत काटा हसऱ्या चेहऱ्यावरून हलू दिला नाही. त्याचा अंगठा मात्र गार पडला होता. ते मी कुणाला सांगणार?

मग एकदा गडहिंग्लजकडची यल्लव्वा आली. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. मागच्या खेपेला ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच ती उठून एसटी स्टँडवर निघून गेली होती. दुखणं वाढलं, तेव्हा परत आली. आता पळालीस तर जिवावर बेतेल, असं सर्जननी बजावलं होतं. नवरा वारलेला, लेक बाळंतीण. सोबतीला कोणीच नव्हतं.

तिने काटा एका दमात उजव्या टोकाला नेला. अदितींनी आकडा टिपला आणि त्या वळल्या.

"बाई, मोजलंसा न्हवं?" यल्लव्वा मागून म्हणाली. "आता त्येचं करनार काय?"

अदिती थांबल्या. मग त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"मावशी, भीती कशाची वाटते? कापण्याची?"

"कापू द्या की! माज्या आयला, अव्वाला, असंच झोपवलं हुतं. उठलीच न्हाय ती. डाक्टर नुसता 'पेशंट, पेशंट' म्हनून हाका मारत हुता. तिला काय कळनार, कुणाला बोलिवत्यात? आनी मला उठवाय तर हितं कोनच न्हाय."

"अव्वा तुम्हाला कशी उठवायची?"

यल्लव्वा लाजली. "'यल्ली, एळ,' म्हनायची. एळ म्हंजे ऊठ, कानडीत."

"मी तशीच हाक मारीन. शब्द देते."

"इसरशीला."

"नाही विसरणार."

दुसऱ्या दिवशी यल्लव्वा खाटेवरच होती. ऑपरेशन लांबलं. नंतर शुद्धीवर आणायच्या खोलीत मी अदितींच्या खिशात होते. त्यांनी दोनदा हाक मारली, "यल्लव्वा!" काही हालचाल नाही. त्यांचा हात खिशात आला आणि माझ्यावर घट्ट आवळला. तोही गार होता. मग त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"यल्ली, एळ!"

पापण्या थरथरल्या. जड जिभेने यल्लव्वा पुटपुटली, "उठतो की... वरडू नगंस."

त्यानंतर आकडा टिपला, तरी अदिती लगेच उठत नसत. प्रत्येकाला विचारत, उठवताना कोणत्या नावाने हाक मारू? ते माझे सुखाचे दिवस.

पुढे त्या पुण्याला गेल्या. वॉर्डात नवी यंत्रं आली. मी एका खणात पडले. कोणी माझ्याने पाठ खाजवली, कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवला. हसरा चेहरा पुसला गेला, काटा हिरवट पडून घट्ट बसला. आता कोणाची बोटं माझ्यावर टेकत नाहीत.

मित्रांनो, मला खणातून काढा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरचं कोणी दवाखान्यात निघालं, तर "घाबरू नका" म्हणून मोकळे होऊ नका. कशाची भीती वाटते, ते विचारा. आणि विचारलंत, तर त्यांचं बोलून होईपर्यंत उठू नका.