सासूबाईंनी खुरपलेला उतार

पाहुणे येणार म्हटलं की सासूबाईंचे हात शिवशिवायला लागत. मग ते घर असो की खाण. आणि आज येणारा पाहुणा साधासुधा नव्हता. बंद पडलेल्या खाणींवर नजर ठेवणाऱ्या कचेरीचा तो तपासनीस, आणि तिसऱ्यांदा येत होता.

दोनदा त्यानं नापास केलं होतं. पहिल्यांदा उतार फार उभे आहेत म्हणून, दुसऱ्यांदा गवत विरळ आहे म्हणून. तीन पावलं आडवं चाललं की एक पाऊल उंची, याहून बोटभरही जास्त उतार त्याला चालत नसे, त्यामुळे घरात त्याचं नाव ‘काटकोन’ पडलं होतं. आता पुन्हा नापास, तर कचेरी स्वतःचा ठेकेदार पाठवणार होती. तो बुलडोझर फिरवून सगळं खरवडणार आणि पहिल्यापासून सुरुवात करणार. म्हणजे सुनेची तीन वर्षं मातीत, आणि ती मातीही उचलून नेलेली.

सून पूर्वी याच घरच्या खाणीच्या वजनकाट्यावर बसायची. खडी संपली, ट्रक थांबले, नवऱ्यानं दुसरीकडे नोकरी धरली. पण बंद खाण तशीच टाकून जाता येत नाही, तिची पुन्हा जमीन करून द्यावी लागते, हे नोटिशीतलं वाक्य हिनं असं काही मनावर घेतलं, की माहेरच्या लग्नांनाही ती नखांत माती घेऊन जायची. तिनं खाणीचे उभे कडे उतरते केले, माती पसरली, बी पेरलं, तळ्यातलं पाणी पाइपनं वर चढवलं. गेले दोन दिवस मात्र ती नकाशे आणि अर्ज घेऊन वजनकाट्याच्या जुन्या खोलीत बसली होती. तेवढ्यात सासूबाईंनी तिला चकित करायचं ठरवलं.

तळ्याच्या वळणापलीकडं, पूर्वेच्या उतारावर, पेरलेल्या गवतात नाही नाही ते माजलं होतं. साहेब काय म्हणतील? सासूबाईंनी खुरपं घेतलं आणि दोन दुपारी खपून स्वयंपाकघराएवढा तुकडा लख्ख करून टाकला. पेरलेली कोवळी रोपं तेवढी राहिली, शाळेच्या पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरांसारखी, लांब लांब आणि बावरलेली.

काटकोन सकाळीच हजर झाला. काखेत सळईची चौकट, आत दोऱ्यांनी पाडलेली शंभर घरं. पद्धत त्यानं दोघींनाही समजावून सांगितली. नकाशावर दहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी उताराकडं पाठ करायची, चौकट खांद्यावरून मागं फेकायची, आणि ती पडेल तिथं किती घरांत हिरवं दिसतं ते मोजायचं. दहा फेकींत मिळून सातशे घरं भरली की खाण सुटली.

“आणि पेरलेलं कुठलं, आपोआप उगवलेलं कुठलं, ते आम्ही बघत नाही,” तो म्हणाला. “हिरवं ते हिरवं. मुळं जमिनीत असली म्हणजे झालं.”

सासूबाईंनी नखांतली माती पदराआड केली. करायला गेले काय नि वरती झाले पाय. उपटलेल्याचा ढीग खोलीमागं पडला होता, तो नेऊन पसरावा असं क्षणभर मनात आलंही, पण त्या मुळांचं वाक्य त्या माणसानं जणू त्यांच्याकडंच बघून उच्चारलं होतं.

पहिली फेक, एक्क्याऐंशी. दुसरी, चौऱ्याहत्तर. सून हातातल्या वहीवर आकडे लिहीत होती आणि प्रत्येक आकड्यासरशी तिची मान उंच होत होती. तिसरीला एकोणऐंशी. चौथी दगडाळ जागेत पडली, बासष्ट, तेव्हा तिनं ओठ चावला. पाचवीला सत्त्याहत्तर, सहावीला पंच्याऐंशी, आणि तिचा चेहरा असा उजळला की सासूबाईंना बघवेना.

पुढची ठिकाणं हळूहळू वळणाकडं सरकत होती. सासूबाईंनी साहेबांना चहाचा आग्रह केला. साहेब नंतर घेतो म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की त्या बाजूला साप आहे, चांगला हातभर. काटकोनानं लगेच पेन काढलं. साप परतला असेल तर फारच उत्तम, म्हणाला, तसं नोंदवायला रकानाच आहे. सून सासूकडं बघतच राहिली, कारण तीन वर्षांत तिला तिथं साधी सापाची कातही दिसली नव्हती.

सातवीला सत्तर, आठवीला अठ्ठ्याहत्तर, नववीला सत्त्याहत्तर. काटकोनानं बेरीज केली आणि पहिल्यांदाच हसल्यासारखं केलं. सहाशे त्र्याऐंशी झाले होते. शेवटच्या फेकीत सतरा घरं भरली की पुरे.

“सतरा?” सून म्हणाली. “पूर्वेला तर आंधळ्यानं फेकलं तरी ऐंशी येतील.” आणि ती जवळजवळ पळतच वळणाकडं निघाली.

सासूबाई तिच्याही पुढं पळाल्या. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. त्या जाऊन थेट त्या तुकड्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, हात पसरून, जसं काही कोंबड्याच अडवायच्या होत्या. काटकोन खाली पोचला आणि म्हणाला, “आजी, जरा बाजूला. लागेल तुम्हाला.”

सुनेनं आता तो तुकडा पाहिला. मग सासूबाईंच्या नखांकडं पाहिलं.

“मी खुरपलं,” सासूबाई म्हणाल्या. “साहेब येणार म्हणून. नीटनेटकं दिसावं म्हणून गं. तुझं सगळं मी घालवलं.”

सुनेनं वही छातीशी धरली, एकदा वर उतारभर नजर फिरवली, आणि मग काटकोनाकडं वळली.

“साहेब, इथलं आमच्या हातून उपटलं गेलंय,” ती म्हणाली. “टाका तुम्ही.”

‘आमच्या’ ऐकून सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बाजूला होऊन ते पदरानं पुसले, कारण चौकट कुठं पडते ते बघायचं होतं.

काटकोनानं पाठ केली. चौकट हवेत गेली, काठावर आपटली, दोन कोलांट्या घेतल्या, आणि नको तिथंच, लख्ख तुकड्यात जाऊन निजली.

तिघं गुडघ्यांवर बसले. काटकोन एकेका घरावर पेन टेकवून मोजू लागला. एक. दोन. मधली सगळी मोकळी. तीन, चार. ती बावरलेली रोपं आज काय भाव खात होती. पाचव्या ओळीशी नऊ झाले. सहावी आणि सातवी कोरी गेली. आठवीत दहा, अकरा, बारा, तेरा. सून मोजत नव्हती, तिनं डोळेच मिटले होते. नववीत चौदा, पंधरा. दहाव्या ओळीच्या पहिल्याच घरात सोळा, आणि मग उरली नऊ घरं, दिसायला नुसती भुरी माती.

दुसरं, तिसरं, चौथं. काही नाही. सातवं, आठवं. नववं घर एका चपट्या खड्यानं अडवलेलं.

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या.

त्या पार जमिनीशी गाल टेकवून बघत होत्या. खड्याच्या आडोशाला मसुरीच्या डाळीएवढी दोन पानं होती. गवताची नव्हेत. काटकोन पोटावर आडवा झाला, इस्त्रीच्या शर्टासकट. खिशातून भिंग काढून त्यानं फुंकर मारली, पेनच्या टोकानं हळूच हलवून पाहिलं. पानं हलली, देठ हललं नाही.

“मूळ आहे,” तो म्हणाला. “सतरा.”

“हे माझ्या हातून राहिलं कसं?” सासूबाईंनी इतक्या रागानं विचारलं, की काटकोन, ज्याला कुणी हसताना पाहिलं नव्हतं, तो तिथंच आडवा पडून खदखदून हसायला लागला.

सुनेनं सासूला गच्च मिठी मारली, इतकी की पदर सुटला. काटकोनानं उठून दहावं घर बघितलं, ते कोरंच होतं, पण आता कोण विचारतो. सातशे म्हणजे सातशे. त्यानं तिथंच मांडीवर कागद ठेवून सही केली. फोनला रेंज फक्त वरच्या कडेला यायची, म्हणून सून नवऱ्याला सांगायला निघाली. चपला हातात घेऊन ती सरळ उतार चढत पळत सुटली, धापा टाकत, मधेच हसत.

सासूबाईंनी सवयीनं मान खाली घातली आणि डोक्यावर हात धरला. खाण चालू असताना वर कुणी नुसतं चाललं तरी खाली खडे कोसळायचे. त्या तशाच वाट बघत उभ्या राहिल्या. सून वर पोचली, फोनवर ओरडून बोलू लागली, तरी एक खडासुद्धा खाली आला नाही.