हिरव्या कापडाचं नाताळचं झाड

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी कात्री आहे. आता माझ्याने साधी सुती चिंधीसुद्धा सरळ कापवत नाही. पण माझी चांगली वर्षं महाडच्या बाजारपेठेत महमूद टेलर यांच्या हातात गेली. १९९१ साली त्यांनी मला मुंबईहून आणलं. पार पोलादपूरहून माणसं लग्नाचे कपडे शिवायला यायची आणि म्हणायची, "महमूदभाईंची कात्री चुकत नाही." ते ऐकून मला मोठा अभिमान वाटे.

दुकानात एक नियम होता. मला कागदाला लावायचं नाही, कारण कागदाने कापडाच्या कात्रीची धार जाते. मालकांची लेक नशरा एकदा पतंगासाठी मला घेऊन पळाली, तर तिची आई खतीजा हिने मला तिच्या हातून काढून घेतलं. "ही अब्बांची रोटी हाय गो," ती म्हणाली. खतीजा दुकानात काज-बटणं करायची.

२००५ च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. माणसं वरच्या माडीवर गेली. मी दोन दिवस पाण्यात होते. पाणी उतरल्यावर खतीजाने चार दिवस दुकानातला चिखल उपसला. पाचव्या दिवशी तिला ताप भरला आणि सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे एक इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं. मालक ते घेऊन परत आले, तेव्हा खाट रिकामी होती.

मालक रडले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी रॉकेलने माझा गंज काढला आणि मला खिळ्याला अडकवलं. त्यानंतर पाच महिने त्यांनी काहीच कापलं नाही. रोज दुकान उघडायचे आणि मशीनपुढे बसायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ठेवून जा." कापडांचा ढीग वाढत गेला. कुणी विचारलं, "जेवलात का?" तर ते नशराकडे बघायचे. आपण जेवलो की नाही, हे त्यांना तिच्याकडून कळायचं. मी तर लोखंडाची. मलाही काही वाटत नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी नशराच्या चौथीच्या वर्गशिक्षिका चारुलताबाई आल्या. बरोबर नशरा होती आणि तिची मैत्रीण फिलोमिना होती. फिलोमिनाची आई सरकारी दवाखान्यात नर्स. नाताळचा सण वर्गात तिच्या एकटीच्याच घरी असायचा, आणि त्यांचं झाड, तारे, सगळं पुरात गेलं होतं.

"वर्गात सजावट करून हिच्या घरी न्यायची ठरवलंय," बाई म्हणाल्या. "विकत काही आणायचं नाही. तुमच्याकडे कातरण असेल तर द्या. आणि कात्री मिळाली तर बरं. शाळेच्या गंजून गेल्या."

"ही कापडाची हाय, बाई," मालक म्हणाले. मग मला खिळ्यावरून काढत म्हणाले, "घ्या. आता काय."

मी पहिल्यांदा कागद कापला तो असा. चार दिवस शाळा सुटली की मुलं दुकानाच्या ओट्यावर बसायची. जुन्या लग्नपत्रिकांचे तारे झाले. पुरानंतर घरोघरी औषधाच्या गोळ्या वाटल्या होत्या. त्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी सोलून मुलांनी झिरमिळ्या केल्या. कापडाच्या कातरणांना गाठी मारून माळा केल्या. झाडासाठी फिलोमिनाने एक मोडकी छत्री आणली. तिचं कापड फाटून गेलं होतं, नुसत्या काड्या उरल्या होत्या. अर्धवट मिटून उभी केली की ती झाडासारखी दिसे.

"हिला हिरवं कापड पाहिजे," फिलोमिना म्हणाली.

नशरा आत गेली आणि फळीवरून एक घडी घेऊन आली. ते खतीजाचं ईदचं कापड होतं. उंचावर असल्यामुळे ते वाचलं होतं. ईद येऊन गेली होती आणि घडी तशीच होती.

"अब्बा, याचं झाड कर ना."

"ते ठेव."

"कुणासाठी?" नशराने विचारलं.

बाईंनी नशराच्या पाठीवर हात ठेवला. मग मालकांनी खडू मागितला. छत्रीच्या काड्या मोजल्या, आठ भरल्या. कापडावर आठ कळ्या, म्हणजे तिकोनी तुकडे, आखले आणि मला हातात घेतलं. कागदाने माझी धार गेली होती. कापड पात्यांत अडकत होतं. मालक थांबत, सोडवत आणि पुन्हा कापत. त्यांचा चेहरा हलला नाही. कापडाची आठ टोकं मात्र बरोबर जुळली.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे फिलोमिनाच्या घरी गेले. दोरे कापायला मी मालकांच्या खिशात होते. झाड उभं राहिलं, तारे लागले. फिलोमिनाच्या आईने हिरव्या कापडावरून हात फिरवला.

"भाई, एवढं चांगलं कापड कुठून आणलंत?"

"घरातलं हाय. हिच्या आईचं."

तिने नशराकडे पाहिलं, मग मालकांकडे. "तुम्ही खतीजाबाईंचे..." ती खाली बसली. "तुम्ही इंजेक्शनला गेलात तेव्हा मी होते त्यांच्यापाशी. पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं. 'नशरा जेवली का?' म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग डोळे मिटले त्यांनी. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण रोज इतकी माणसं येत होती..."

"पाणी प्यायली?" मालकांनी विचारलं.

"दोन चमचे."

"हात धरला होता कुणी?"

"मीच धरला होता."

मालकांनी मान हलवली. परत येताना बाजारपेठेच्या तोंडाशी ते अचानक थांबले. नशराला वाटलं, काही विसरलं.

"मला भूक लागलीय गो," ते म्हणाले. आणि तिथेच, वडापावच्या गाडीसमोर, त्यांना रडू आलं. नशरा त्यांची बाही धरून उभी राहिली.

पुढे त्यांनी नवी कात्री आणली आणि मला चारुलताबाईंच्या वर्गाला देऊन टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मित्रांनो, काम झालं की मला कोरडी पुसा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा, एवढंच माझ्यासाठी मागते. दुसरं मागणं माणसांसाठी आहे. कुणाच्या शेवटच्या वेळी तुम्ही जवळ असाल, तर त्याच्या घरच्यांनी विचारायची वाट पाहू नका. विचारायचं धाडस त्यांना होत नाही. तुम्ही आपणहून जा आणि सांगा.