चावरीच्या टाकीवरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, आणि माझ्यावर खुनाचा आळ आला होता. हसू नका. आधी सगळं ऐकून घ्या.

मी दुकानातून आलेला नाही. मला लुबर्टने स्वतःच्या हाताने घडवलं. आमचं गाव एकेकाळी बेट होतं. आता बांध घालून भोवती जमीन केली आहे, पण माणसं अजून बेटावरचीच आहेत. मासे मारायचे, मासे कापायचे, आणि रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. लुबर्ट बोटीवर होता. एका वादळात जाळं ओढणारा दोर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं उपटून घेऊन गेला. समुद्र सुटला. तो मासे कापायच्या कारखान्यात लागला. दिवसभर सुरी, बर्फ आणि कोपरापर्यंत रक्त.

संध्याकाळी घरी येऊन हाच माणूस मासे जगवायचा! बैठकीच्या खोलीत त्याने काचेची मोठी टाकी मांडली होती. खारं पाणी, खडक, रंगीत प्रवाळ, एक डोलणारं समुद्रफूल, आणि त्या फुलात राहणारी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी. नर बिचारा गरीब होता. मादी मात्र खाष्ट. टाकीत हात घातला रे घातला की कडकडून चावायची. लुबर्ट तिला चावरी म्हणायचा. ती चावली की त्याला कोण आनंद व्हायचा.

प्रवाळांना ऊन लागतं, आणि आमच्याकडे ऊन म्हणजे पाहुणा. म्हणून मी जन्मलो. एका मोडीत काढलेल्या बोटीच्या रेडिओची खाचाखाचांची ॲल्युमिनियमची पाटी लुबर्टने आणली. तिला भोकं पाडली, तेव्हा मी असा किंचाळलो की शेजारचं कुत्रं रडायला लागलं. मग निळे आणि पांढरे एलईडी बसवले, तारा जोडून कथलाचे डाग दिले. प्रत्येक डाग म्हणजे चटका. अर्धे चटके मला बसले, अर्धे त्याच्या उरलेल्या बोटांना. शेवटी दोन साखळ्यांनी मला टाकीवर टांगलं, प्लग लावला, आणि मी डोळे उघडले. मी पेटलो तरच मला दिसतं, हे लक्षात ठेवा.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. लुबर्टने हौसेने मला पूर्ण ताकदीवर सोडलं आणि एक हिरवं प्रवाळ हाडासारखं पांढरं पडलं. तेव्हापासून तो माझा उजेड दबकत वाढवू लागला, आज थोडं, पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. आम्ही दोघंही शहाणे झालो. प्रवाळं अशी फुलली की गल्लीतले लोक खिडकीशी थांबून बघायचे. मला फार बरं वाटायचं.

फक्त हेसेलला कौतुक नव्हतं. हेसेल म्हणजे लुबर्टच्या बायकोचा, मारेत्येचा बाप. पलीकडच्याच दाराला राहायचा. जन्मभर बोट चालवलेला, मग चर्चचा पंच झालेला, तोंडात सदा पेपरमिंट. रोज कॉफीला यायचा आणि टाकीकडे बघून नाक मुरडायचा.

"जावईबापू, मासा ताटात शोभतो. काचेत ठेवून त्याला कसला दिवा दाखवता?"

"मामा, तुम्ही कॉफी प्या," लुबर्ट म्हणायचा.

मग एके दिवशी लुबर्टने दुसऱ्या एका शौकिनाकडून समुद्रातला एक खडक आणला आणि समुद्रफुलाशेजारी ठेवला. खोलीत कुणी नसताना खडकाच्या भोकातून दोन डोळे बाहेर आले. दांडीवरचे, गरगर फिरणारे. ती हातोडी कोळंबी होती. तिचे पुढचे दोन हात घडी घातलेले असतात, आणि सुटले की हातोडीच! मी बघत असतानाच तिने एका गोगलगाईचं कवच फोडलं. टक्! दुसरा ठोसा, आणि आतला जीव ओढून नेला. मग टाकीतला निळा मासा. एका ठोक्यात त्याचं डोकं फुटलं, पाण्यात लाल धूर पसरला आणि विरला. एका खेकड्याची तर तिने आधी एक नांगी मोडली, मग दुसरी, मग त्याला सावकाश बसून खाल्लं. उरलंसुरलं सगळं भोकात.

मी सगळं पाहिलं. पण दिव्याला तोंड कुठे असतं?

घरच्यांना ऐकू यायचं ते एवढंच, टक्. ते वर बघायचे, माझ्याकडे.

"तुझा दिवा ठिणग्या टाकतोय," हेसेल म्हणाला. "पाण्यात करंट उतरलाय. म्हणून मासे मरतायत."

"तारा तपासल्या मी. काही नाही."

"मग ही कवचं कशाने तडकली? तुझ्या दिव्याच्या धगीने. घरी दिवे बनवायला निघालेत!"

बिचारा लुबर्ट. त्याचाही माझ्यावरचा विश्वास उडाला. त्याने मला खाली काढलं, डाग खरवडले, पुन्हा दिले, पुन्हा टांगलं. मी पेटलो आणि खालून आवाज आला, टक्! लुबर्टने मला असा गुद्दा मारला की मी साखळीवर गरागरा फिरलो.

"सोमवारी हा भंगारात," तो म्हणाला. "चावरीला काही झालं तर मी काय करू, मारेत्ये? ती जोडीच तर राहिली आहे."

मित्रांनो, मला भंगाराची भीती वाटली. पण त्याहून राग आला. मला उतरवून काय होणार होतं? ती खाली भोकात बसून वाट बघत होती, आणि चावरीने नेमकी त्याच दिवसांत समुद्रफुलाशेजारी अंडी घातली होती. नर ती राखत होता. भोकापासून हातभर अंतरावर.

रविवार उजाडला. चर्चहून सगळे परत आले. हेसेल काळ्या कोटात, कॉफीचा पेला घेऊन टाकीसमोरच बसला. मी चालू होतो. रविवारी घरात कुणी सुईसुद्धा हातात घेत नसे, पण माझी वेळ यंत्रावर लावलेली, त्यामुळे माझ्या कामावर पंचांची हरकत नव्हती.

आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते झालं. कोळंबी बाहेर आली. नर अंड्यांपुढून हलला नाही. टक्! त्याचं पोट फाटलं. दुसरा ठोसा डोळ्यावर.

हेसेलचा पेला खाली पडला. "अरे देवा! दिवा नाही रे! ही बघ, ही रांड मारतेय!"

लुबर्ट धावत आला. तोवर चावरी कोळंबीवर तुटून पडली होती. ती कोळंबीच्या डोळ्यांचे लचके तोडायला बघत होती. एक ठोसा चावरीच्या परात बसला, पर लोंबू लागला, तरी ती पुन्हा गेली. लुबर्टने टोपलीतली जाळी उचलली.

"लुबर्ट," मारेत्ये म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज रविवार आहे. उद्या सकाळी उठल्या उठल्या कर."

"उद्यापर्यंत ती राहील का?"

"ते मला नको विचारूस. बाबा इथे बसले आहेत."

लुबर्टने सासऱ्याकडे पाहिलं. जाळी त्याच्या तीन बोटांच्या हातात तशीच होती. मी जितका उजेड देता येईल तितका देत होतो. बघ, म्हाताऱ्या, नीट बघ!

"मारेत्ये," हेसेल म्हणाला, "बायबलातलं विसरलीस? गाय नाल्यात पडली तर तू सोमवारची वाट बघतेस?"

"बाबा, ही गाय आहे का?"

"नवरा मारलाय तिचा. आणि ती अजून भांडतेय." पेपरमिंट थुंकून तो उठला. "सरक बाजूला."

कोट न काढता त्याने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि खडकच धरला. कोळंबीने त्याच्या अंगठ्यावर ठोसा मारला. नख दुभंगलं, मांस उघडं पडलं, पाणी लाल झालं. म्हातारा गुरासारखा ओरडला, पण खडक सोडला नाही. त्याने तो उपसला, आणि त्याचा खांदा माझ्या साखळीत अडकला.

"मामा, आधी प्लग काढा!" लुबर्ट किंचाळला.

साखळी तुटली. मी खाऱ्या पाण्यात कोसळलो. पाणी आत शिरलं, कथील फुटलं, माझे पांढरे एलईडी एकामागून एक फटाफट फुटले. मग अंधार.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर पुष्कळदा ऐकलं. विजेचा झटका बसून हेसेल मागे फेकला गेला. त्याच क्षणी घराचा मेन स्विच पडला, म्हणून वाचला. खडक फरशीवर फुटला, कोळंबी बाहेर उसळली, आणि चर्चच्या पंचांनी बसल्या जागी रविवारच्या बुटाच्या टाचेने तिचा चेंदामेंदा केला. तीही भुकेलीच होती, हे मला कळतं. पण मला तिची दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

सोमवारी मी भंगारात गेलो नाही. लुबर्टने मला गोड्या पाण्याने धुतलं, जुन्या दात घासायच्या ब्रशने मीठ काढलं, वाळवलं, आणि प्लग लावला. निळे तेवढे पेटले. त्या निळ्या उजेडात मला फाटक्या पराची चावरी दिसली. एकटी, अंडी राखत.

"उगाच तुला मारलं रे," लुबर्ट मला म्हणाला.

"दिव्याची माफी मागतोस? डोकं ठिकाणावर आहे ना?" हेसेल म्हणाला. पण जाताना त्याने पट्टी बांधलेल्या अंगठ्याने मला हळूच टिचकी मारली. मी पाहिलं.

हेसेल आता नाही. टाकीवर नवे पांढरे एलईडी असलेला दुसरा दिवा आला आहे, मी त्याच्या शेजारी निळा निळा लटकतो. साखळी गंजली आहे, तारा उघड्या पडल्या आहेत. म्हणून मित्रांनो, सांगतो. आवाज करणाऱ्यावर आळ घेण्याआधी खडकाखाली बघा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. आणि जे जीव तुम्ही काचेत कोंडले आहेत, त्यांना रविवार कळत नाही.

परवाच्या रविवारी माझ्यातून खरोखरच आवाज आला. टक्! साखळीची कडी निसटली आणि मी एका बाजूने पाण्याकडे झुकलो. खाली चावरी होती, म्हातारी, तरी माझ्यावर डोळे वटारलेली. लुबर्ट अर्धा उठला आणि सवयीने बायकोकडे पाहू लागला.

मारेत्ये आधीच उठली होती. तिने कॉफी ठेवली, आपल्या चर्चच्या काळ्या झग्यालाच हात पुसले, आणि सरळ प्लगकडे गेली.

"गाय," ती म्हणाली.

तिने प्लग काढला. मला दिसेनासं झालं, पण मला धरणारे तिचे हात कोरडे होते.