थोरलीच्या नावाचा निरोप

झुंबरबाईंच्या घरात खोटे बोलायला बंदी होती, आणि ती गड्याला, पाहुण्याला आणि जावयालाही सारखीच लागू होती. 'प्रसंग पाहून' हे शब्द कोणी उच्चारले की त्या त्याच्याकडे अशा पाहत, जणू तो पायताणासकट देवघरात शिरला आहे. प्रसंग पाहून वाकतो तो वेत, नियम नव्हे, असे त्यांचे मत होते. आणि आपल्या मताला दुसरी बाजू असू शकते, हे त्यांनी आजवर कोणाकडून ऐकून घेतले नव्हते.

नात स्वप्नालीचे लग्न कोल्हापुरातल्या कार्यालयात होते. घरातल्या प्रत्येक नवरीला मुंडावळ्या बांधण्याचा मान धाकट्या जाऊबाईंचा, मुरगूडच्या बनाबाईंचा. दोघींनी एका चुलीपुढे उमर काढली होती; भांडल्या त्याही त्याच चुलीपुढे. सकाळ चढली तरी मुरगूडचे कोणी दिसेना.

"त्यांची गाडी वाटेत बंद पडलीय, आईसाहेब," मुलगा, नवरीचा बाप विजयसिंह म्हणाला. "मुंडावळ्या तुम्हीच बांधा."

व्याह्यांकडचा एक बडबड्या पाहुणा शेजारीच बशीत चहा फुंकत बसला होता. "आमी मुरगुडावरनंच आलो की," तो म्हणाला. "चौकात ही गर्दी. कुणी म्हातारी गेलीया. तुमच्याच आडनावाची म्हणत हुती लोकं."

"आडनावं सारखी असत्यात, पावणं," विजयसिंह घाईने म्हणाला.

झुंबरबाईंनी मुलाकडे पाहिले. नुसती गाडी बंद पडली असती, तर त्याच्या कपाळावर एवढा घाम आला नसता. त्या उठल्या, नवरीच्या खोलीत गेल्या. न बोलावता विजयसिंह मागे आला आणि त्याच्यामागे जावई संग्राम. संग्राम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत असे आणि घरातही शिकवीत असे.

"बना गेली?"

"पहाटे," विजयसिंह म्हणाला. "सुतक लागलंय हे कळलं तर व्याही मांडवातनं उठतील. अक्षता पडल्या की सांगणारच होतो."

"आई," संग्राम पुढे झाला, "सत्य हे मूल्य आहेच. पण कोणताही नियम प्रत्येक परिस्थितीत तसाच लावता येत नाही. चार तास गप्प राहिल्याने एका मुलीचं आयुष्य..."

"कॉलेजातली पोरं हे ऐकून घेतात?" झुंबरबाईंनी विचारले. "मुकाट्यानं?"

संग्रामने चष्मा पुसायला घेतला.

"आजी," पाटावर बसलेली स्वप्नाली हळूच म्हणाली, "लग्न लागेपर्यंत नका ना बोलू. ते उठून गेले तर?"

"गेले तर गेले. खोट्यावर मांडलेल्या पाटावर माझी नात उभी राहणार नाही. मी सांगणार आहे."

दारात गुरुजी अक्षतांचे ताट घेऊन खोळंबले होते. त्यांनी घसा खाकरला. "आईसाहेब, काल देवक बसलं तेव्हा नांदीश्राद्ध झालं. त्यानंतर कोणी गेलं तर लग्नाला सुतक बाधत नाही. शास्त्रच तसं आहे. मला कोणी विचारलंच नाही."

झुंबरबाई मुलाकडून जावयाकडे आणि जावयाकडून मुलाकडे पाहत राहिल्या, बाजारात चांगल्या वांग्यांत मिसळून दिलेली दोन किडकी वांगी पाहावीत तशा.

"जो नियम लागूच नव्हता त्याला भ्यालात, आणि जो लागू होता तो मोडलात. शास्त्राला तुमच्यापेक्षा दया आहे. माती कधी?"

"झाली असेल," विजयसिंह जमिनीकडे पाहत म्हणाला. "काकींचा धोंडीराम थांबतो म्हणत होता. तुम्ही थोरलीनं तोंड बघितल्याशिवाय न्यायचं नाही म्हणाला. म्हणून मीच कळवलं, थांबू नका."

"कोणाच्या नावानं?"

"तुमच्या."

झुंबरबाई मांडवात गेल्या आणि व्याह्यांपुढे उभ्या राहून त्यांनी सारे सांगितले, एक शब्द मऊ न करता. व्याह्यांनी टोपी काढून हातात धरली. "गुरुजी न्हाय लागत म्हणत्यात, मग आमचं काय म्हणणं? तुमी सांगितलंसा, हे बरं केलंसा."

मुंडावळ्या झुंबरबाईंनी बांधल्या. गाठ बनाबाईंच्या हातची बसे तशी बसली नाही, सैल झाली. अक्षता पडल्या, कन्यादान झाले. त्या पंगतीला बसल्या नाहीत.

"विजयसिंह, गाडी काढ. जेवणावळ संग्राम पाहील. प्रसंग पाहणं त्याला चांगलं जमतं."

मुरगुडात भावकी घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती. जिथे बनाबाईंनी प्राण सोडला तिथे पिठावर दिवा तेवत होता. बनाबाईंचा मुलगा धोंडीराम उठला. ओल्या केसांनी, उघड्या अंगाने तो समोर येऊन उभा राहिला.

"थोरल्या आई, मी बर्फ सांगितला हुता. तुमाला तोंड दावल्याबिगर उचलायची न्हाय म्हणून बसलो हुतो. मग निरोप आला, तुमीच म्हणालासा थांबू नका म्हणून. भावकी म्हणाली, थोरलीला आता नातीचं लगीन मोठं. मी म्हटलं, थोरली असं म्हणायची न्हाय. म्हणालासा व्हय?"

सारा सोपा ऐकत होता. होकाराची एक मान हलली असती तर विजयसिंहाची भावकीतली पत राहिली असती, आणि दोन घरांचे येणे-जाणेही. संग्राम तिथे असता तर त्याने हे सोदाहरण समजावून दिले असते. झुंबरबाईंनी वळून मुलाकडे पाहिले. लहानपणी हातून दुधाची चरवी सांडली की तो असाच पाहत असे, आईने आपल्यावर घ्यावे म्हणून. त्यांनी तेव्हाही घेतले नव्हते.

"मी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "यानं म्हटलं. माझ्या नावावर."

साऱ्या माना दाराकडे वळल्या. धोंडीरामने आपले बसायचे घोंगडे उचलून ते दिव्याशेजारी अंथरले, आणि झुंबरबाई तिथे बसल्या.

विजयसिंह उंबऱ्यापाशी उभा होता. 'बस' असे त्याला कोणी म्हटले नाही. आईनेही नाही.