चोरीला गेलेला गुरुवार

नवव्या वाचनालयाच्या खाली पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की वरच्या दोन खोल्यांतली पुस्तकं अशी थरथरायची, की सकाळी तळाच्या फळीवर ठेवलेला भूगोल संध्याकाळपर्यंत चढत चढत वरच्या फळीवर जाऊन बसायचा. खोटं वाटत असेल तर वाचनालयाच्या मावशींना विचारा. त्यांनी तीनदा त्याला कान धरून खाली आणलंय.

त्या गुरुवारी शाळा सुटल्या सुटल्या अकरा मुलं जिन्यात येऊन बसली होती. सगळ्यांत खालच्या पायरीवर वकीलीण. वय वर्षं अकरा. घरी, दारी, शाळेत सगळे तिला वकीलीणच म्हणायचे, कारण ती ताटात भाजी वाढणाऱ्या आईचीसुद्धा उलटतपासणी घ्यायची. तिला चिकटून तिचा सात वर्षांचा भाऊ टिल्लू.

"ताई, आली का गाडी?"

"तुला दिसतेय का?"

"नाही."

"मग?"

"मग आली का?"

गाडी म्हणजे पुस्तकांची गाडी. त्या भागात लहानमोठी नऊ वाचनालयं होती आणि ही एकच गाडी सगळ्यांकडे फिरायची. पहिल्या वाचनालयात मुलांसाठी बाहुल्यांचं नाटक व्हायचं, पाचव्यात बुद्धिबळ, आठव्यात थोराड पोरापोरींची शुक्रवारची बैठक. नवव्यात काय व्हायचं? बाकीच्यांचं झाल्यावर जे उरेल ते. बाहुल्या आल्या त्या एका पायाच्या. बुद्धिबळ आलं त्यात राजाच्या जागी बाटलीचं बूच. गाडीचा शेवटचा थांबा हाच, त्याला कोण काय करणार?

पण यंदा मोठ्या कचेरीतल्या मोठ्या बाईंच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. एक कोरी वही घ्यायची. पहिल्या वाचनालयातल्या मुलांनी तिच्यात गोष्ट सुरू करायची, महिन्याभरात चार पानं लिहायची आणि वही गाडीतून दुसऱ्याकडे पाठवायची. असं करत करत नवव्याकडे. मग ती गोष्ट छापायची आणि नऊही वाचनालयांत ठेवायची. आणि शेवट कुणी लिहायचा? नवव्यानं! जन्मात पहिल्यांदा शेवटचं असण्याचा फायदा झाला होता. वकीलिणीनं आठ महिने शेवट डोक्यात घोळवला होता. दात घासताना, गणितं सोडवताना, आई रागावत असताना तर खासच.

चारला दोन मिनिटं कमी असताना हॉर्न वाजला. पॅंऽऽप! गाडीवाले काका वेळेचे असे पक्के, की गल्लीतली घड्याळं त्यांना बघून स्वतःला पुढेमागे करून घ्यायची. कुठं अर्धं मिनिट उशीर झाला की त्यांचा अंगठा हॉर्नवर.

"आठव्यावाल्यांनी आठवडाभर जास्त ठेवून घेतली वही," वही मावशींच्या हातात देत काका म्हणाले. "उद्या सकाळी छापायला जायचीय. साडेपाचला मी निघणार म्हणजे निघणार. तुमचं जे काय असेल ते तोवर उरका."

"दीड तासात चार पानं?" मावशी म्हणाल्या.

"मी पुस्तकं वाहतो हो बाई, वेळ नाही वाहत."

वर सतरंजीवर सगळे कोंडाळं करून बसले. मागचं थोडंफार सगळ्यांना पाठ होतं, कारण दर महिन्याला काका वहीतली बातमी आणायचे. गावातला गुरुवार चोरीला गेला होता. बुधवारी रात्री झोपावं तर उठल्यावर थेट शुक्रवार. आणि गुरुवार शोधायला निघाली होती ढांगआजी. एक ढांग टाकली की या गावातून त्या गावात, आणि वाटेत पदर वाळत घातला की खालच्या तीन गावांना सावली. वारा फार करकर करायला लागला म्हणून तिनं त्याला खाटेच्या पायाला बांधून ठेवला होता. गुरुवार तळ्याच्या तळाशी असेल म्हणून तिनं बोरूच्या नळीनं अख्खं तळं पिऊन टाकलं होतं, आणि नसल्याचं बघून परत भरून ठेवलं होतं, मासे मोजून.

मावशींनी आठव्या वाचनालयाची चार पानं वाचायला घेतली. तिसऱ्या पानापर्यंत त्यांचा आवाज रंगला. चौथ्यावर अडखळला.

"पुढे वाचा ना," टिल्लू म्हणाला.

मावशींनी चष्मा पुसला. "'तेवढ्यात होडीवाला होडी वल्हवत आला. होडीत उभा राहून तो लोकांना म्हणाला, ढांगआजी मेली. समाप्त.'"

खाली गिरणीसुद्धा तेवढ्यात बंद पडली. टिल्लूचा ओठ आधी लांब झाला, मग थरथरला, मग त्यानं जो भोंगा काढला की गाडीच्या हॉर्नला लाज वाटावी.

"समाप्त कसं? आमची पानं आहेत अजून!" वकीलीण ताडकन उठली.

दारात उभे असलेले काका घड्याळ बघत म्हणाले, "झालं तर मग. द्या वही. आज लवकर निघेन."

वकीलिणीनं मावशींच्या हातातून वही घेतली, सतरंजीवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"ऊठ गं पोरी."

"नाही उठणार. आमचे साडेपाच झाले नाहीत."

"पण त्यांनी आजीला मारलंय. आता तू काय करणार?"

"ते मी बघते. तुम्ही गाडी बघा."

मावशींनी सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर मोठ्या बाईंना फोन लावला. मावशी बोलताना नेहमी अर्धं वाक्य गिळायच्या, पण त्या दिवशी चांगल्या खणखणीत बोलल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि वहीच्या पहिल्या पानावरचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले. दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही. आणि गोष्टीत मेलेलं पुन्हा जिवंत करायचं नाही. हा दुसरा नियम नंतर घातलेला, कारण दुसऱ्या वाचनालयानं एकच शेळी सहा वेळा मारून सहा वेळा उठवली होती.

"गोष्ट संपली असेल तर संपली. नवव्याचं नाव आपण 'विशेष साहाय्य' म्हणून छापू," बाई म्हणाल्या.

"म्हणजे पुन्हा एका पायाची बाहुली," वकीलीण वहीवरूनच ओरडली.

बाईंनी विचारलं, "कोण बोलतंय?"

"आमची वकीलीण," मावशी म्हणाल्या.

"वकीलीणबाई, आठव्यातली मुलं स्वतः कबूल झाली की आजी मेली नाही, तर माझी ना नाही. पण वही साडेपाचच्या गाडीत हवी."

फोन ठेवला तेव्हा साडेचार वाजत आले होते.

"त्या मोठ्या पोरी कशाला कबूल होतील?" एक मुलगा म्हणाला. "पंधरा पंधरा वर्षांच्या आहेत. आपल्याला शेंबडे म्हणतात."

वकीलिणीनं अंगाखालून वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली. नुसती वाचत नव्हती, ओळीखाली बोट ठेवून चालली होती, आई तांदूळ निवडते तशी. टिल्लू हुंदके देत तिच्या खांद्यावरून चित्रं बघत होता. चौथ्या वाचनालयाच्या पानांवर होडीवाल्याचं चित्र होतं. मिशा अशा लांब, की वल्ही हरवली तर मिशांनी होडी हाकेल.

"हा वाईट आहे," टिल्लू म्हणाला.

"गप रे." आणि तिचं बोट थांबलं. ती तीच ओळ पुन्हा वाचायला लागली. मग पुन्हा. मग तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते बघून मावशी एक पाऊल मागे सरकल्या.

"मावशी, आठव्याला फोन लावा, स्पीकरवरच. आणि ती कप्तान आहे का विचारा."

कप्तान म्हणजे आठव्यातल्या बैठकीची पुढारीण. ती रोज अभ्यासाला तिथं येऊन बसायची. फोनवर आली तीच जांभई देत.

"बोला."

"मी नवव्यातून. आजीला का मारलंत?"

"अगं बाळ, गोष्टीत मरतात माणसं."

"बाळ म्हणू नकोस. तू पाहिलंस का तिला मरताना?"

"मी? होडीवाल्यानं सांगितलं ना."

"फक्त त्यानं?"

"हो. मग?"

"चौथ्यानं लिहिलेलं वाचलंत तुम्ही? 'होडीवाला कधीच खरं बोलत नसे. त्याला शापच होता. होडीत उभा राहून तो एक शब्द जरी खरा बोलला, तर होडी बुडणार.'"

पलीकडे जांभई अर्ध्यातच बंद झाली.

"आता सांग. 'आजी मेली' असं तो होडीत उभा राहून म्हणाला. होडी बुडाली का?"

"लिहिलं नाही आम्ही."

"बुडाली का?"

"अं... नाही."

"म्हणजे?"

"तो यावेळी... म्हणजे असं समज, की..."

"बुडाली का नाही बुडाली?"

"नाही बुडाली, बाई, नाही बुडाली!" कप्तान हसत सुटली. "काय पोर आहेस गं तू! खोटं बोलला मेला. आजी जिवंत आहे. लिहून घे माझं नाव घालून."

वकीलिणीनं फोन मावशींसमोर धरून तेच पुन्हा वदवून घेतलं. साक्षीदार हवा.

"पण मारलंत का?" शेवटी तिनं विचारलं.

कप्तानचा आवाज खाली आला. "आम्हाला नव्हतं मारायचं. शेवटाच्या जवळ आलो होतो, काही सुचेना. एक आठवडा वाढवून घेतला तरी सुचेना. त्यात गाडी आली आणि तो हॉर्न सुरू झाला. पॅंप पॅंप. डोकं फुटायची वेळ आली. मी लिहिलं मेली, समाप्त, आणि खिडकीतून वही दिली. तेव्हापासून मलाही बरं नाही वाटत. ए, चांगला कर हां शेवट. घाईघाईत नको."

मावशींनी फोन ठेवला. खोलीतली अकराही डोकी सावकाश दाराकडे वळली.

काकांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे?" ते म्हणाले. "आजीला मी मारलं?"

"हॉर्ननं मारलं," वकीलीण म्हणाली. "पण अंगठा तुमचा होता."

काका अंगठ्याकडे बघत राहिले. एकवीस वर्षांत त्या माणसानं कुणासाठी दोन मिनिटं थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातसुद्धा म्हणे मुहूर्ताला पाच मिनिटं उरली होती, तर हे नवरीच्या मांडवाबाहेर हॉर्न वाजवत उभे होते. ते जिना उतरले. खाली गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. गाडीचं इंजिन, जे ते कधीच बंद करायचे नाहीत, ते बंद झालं. काका किल्ली खिशात टाकून वर आले आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले.

"लिहा," म्हणाले.

आता खरी पंचाईत. वकीलिणीचा आठ महिन्यांचा शेवट असा होता, की ढांगआजी एका ढांगेत चंद्रावर जाते आणि तिथं गुरुवार उशाला घेऊन झोपलेला म्हातारा सापडतो. तिनं तो सांगितलाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण सांगता सांगता तिचं तिलाच जाणवलं, की त्यात होडीवाला कुठंच नाही. आणि त्यानं खोटं का बोलावं? आजी मेली असं गावाला सांगून त्याचा काय फायदा?

"कुणी शोधायला येऊ नये म्हणून," टिल्लू म्हणाला. "मी नाही का सांगत, आई झोपलीय, आणि मग लाडू... म्हणजे, मी नाही सांगत तसं."

वकीलिणीनं भावाकडे पाहिलं. मग चंद्रावरच्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात हात जोडले, आणि पेन्सिल मावशींच्या हातात दिली, कारण अकरा जणांत तिचंच अक्षर सगळ्यांत वाईट होतं.

"लिहा. ढांगआजी धक्क्यावर आली. लोक म्हणाले, अगं, तू मेलीस ना? आजी म्हणाली, मला कुणी कळवलं नाही."

मग एकच गिल्ला झाला. एक म्हणाला आजीनं त्याला उलटा टांगावा, एक म्हणाली मिशा कापाव्यात. मावशी म्हणाल्या, "एकेकानं बोला रे, माझा एकच हात आहे." साडेपाच वाजून गेले. काकांनी घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं. सहा वाजायला आले तेव्हा शेवटचं अर्धं पान उरलं होतं.

आजीनं होडीवाल्याला विचारलं, गुरुवार कुठंय? होडीवाला होडीत उभा राहून म्हणाला, मला काय माहीत? होडी जागच्या जागी. आजी म्हणाली, तुझ्या फळीखाली आहे का? होडीवाला म्हणाला, मुळीच नाही. होडी तशीच. मग आजीनं वाकून फळी उचलली, तर आत गुरुवार घडी घालून ठेवलेला. तिनं तो झटकला आणि बुधवार-शुक्रवारच्या मधे अंथरला. होडीवाला रडत म्हणाला, चुकलो गं आजी. आणि होडी बुडाली.

"समाप्त," मावशींनी लिहिलं. खाली नऊ वाचनालयांची नावं. नववं सगळ्यांत शेवटी, नेहमीसारखं, पण यावेळी गोष्टीतला शेवटचा शब्दही त्याचाच.

सगळे वहीच्या मागोमाग खाली आले. काका गाडीत बसतात तोच त्यांचा फोन वाजला. मोठ्या बाई. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"वही कुठं अडकली? सव्वासहा वाजले!"

काकांनी मुलांकडे पाहिलं. मग पुढच्या मोकळ्या रस्त्याकडे. "काय सांगू बाई," ते म्हणाले, "मेंढ्या आडव्या आल्या. चारशे. एकसारख्या, सगळ्या डाव्या पायानं लंगडणाऱ्या."

अकरा मुलं एकदम खाली वाकली आणि गाडीच्या चाकांकडे बघायला लागली.

"बुडाली का, ताई?" टिल्लूनं विचारलं.

"नाही," वकीलीण म्हणाली. "चांगली तरंगतेय."