धाकट्याची खुर्ची

मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, जुनी म्हटले की लोकांना कीव येते. मला ती नको. माझा पाय ओतीव लोखंडाचा आहे आणि दांडा दाबला की मी अजूनही बसलेल्या माणसासकट वर उचलली जाते.

आमच्या दुकानात दोघे भाऊ काम करतात. थोरला खिडकीजवळच्या खुर्चीपाशी, धाकटा माझ्यापाशी. धाकट्याचा हात इतका हलका होता, की दाढी होता होता गिऱ्हाईक घोरायला लागे. तेव्हा माझी ऐट काय सांगू!

मग तो नशेच्या गोळ्या घेऊ लागला. हे मी झाकून ठेवणार नाही. त्याची बोटे थरथरू लागली आणि एके दिवशी शेजारच्या मास्तरांच्या कानाची पाळी वस्तऱ्याने कापली गेली. रक्त माझ्या हातावर सांडले. थोरल्याने त्याला उपचार केंद्रात नेऊन सोडले आणि मला कोपऱ्यात ढकलले. माझ्यावर धुवायच्या टॉवेलांचा ढीग साठू लागला.

आठ महिन्यांनी धाकटा परतला. आधी मास्तरांच्या घरी जाऊन त्याने माफी मागितली. मग मला घासूनपुसून जागेवर आणले, स्क्रू आवळले आणि तो उभा राहिला. थोरल्यापुढे रांग लागे, पण माझ्यावर कोणी बसेना.

एकदा किराणा दुकानदार सगळ्यांसमोर म्हणाला, "गर्दुल्ल्याच्या हातात मान द्यायची? अजून जिवावर उदार नाही झालो मी."

थोरला सावरायला गेला. "अहो, संगतीनं बिघडला होता तो."

"संगतीचं नाव नको काढूस, दादा," धाकटा म्हणाला. "गोळ्या मीच घेतल्या. कान मीच कापला. ते माझ्याच माथी राहू दे." मग तो दुकानदाराकडे वळला. "तुम्हाला नाही बसायचं, नका बसू. मान तुमची आहे. पण गर्दुल्ला हे काही माझं नाव नाही. आणि मी इथून हलणार नाही."

तो स्वतःच माझ्यावर बसला. तोंडाला फेस लावला, वस्तऱ्यात नवे पाते घातले आणि सगळ्यांच्या देखत आपल्याच गळ्यावरून तो फिरवला. त्याची पाठ घामाने भिजली होती, हे फक्त मला कळले. हात मात्र हलला नाही.

पुढे रोज सकाळी, दार सताड उघडे ठेवून, तो असेच करी. अठराव्या दिवशी एक बसचालक घाईघाईने आला आणि रांग पाहून माझ्यावर बसला.

"तुझ्याबद्दल ऐकलंय मी," तो म्हणाला. "सुटलं का कायमचं?"

"आजचं सुटलंय. उद्याचं उद्या बघेन."

बसचालकाने आरशातून त्याच्याकडे नीट पाहिले. मग हनुवटी वर केली.

मित्रांनो, अजूनही काहीजण माझ्याकडे पाठ फिरवतात. खुशाल फिरवा. पण जो माणूस आपली चूक आपल्या तोंडाने सांगून पुन्हा कामाला लागतो, त्याची वाट तरी अडवू नका. तुम्ही अडवलीत, तरी आम्ही दोघे उद्या सकाळी इथेच असू.