पत्रामागचे शिक्के

मी बोलतोय, पण तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. ई-मेल उघडली की वर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, खाली मजकूर दिसतो. त्यांच्या मागे बारीक अक्षरांच्या दहा-पंधरा ओळी दडलेल्या असतात. त्यांना हेडर म्हणतात. मी तसाच एक हेडर. पत्र कोणत्या यंत्रावरून निघालं, वाटेत कुठे थांबलं, किती वाजता, हे माझ्या अंगावर लिहिलेलं असतं. पण मला कुणी उघडलं तरच मी बोलणार. आपणहून बोलायची सोय मला दिलेली नाही.

माझा जन्म ३ फेब्रुवारी २००९चा. मंगळवार, दुपारचे सव्वाबारा. ज्या पत्रामागे मी जन्मलो ते अभयनं विश्रांतवाडीला आपल्या आईवडिलांना लिहिलं होतं. "पप्पा, मम्मी, सप्रेम जय भीम. काल इथे लंडनमध्ये खूप बर्फ पडला. बसगाड्या बंद आहेत. फोन महाग पडतो, म्हणून मेल करतोय. काळजी करू नका."

पत्र काय म्हणतंय आणि माझ्या अंगावर काय लिहिलंय, यातला फरक मला तेव्हाच माहीत होता. तो घेऊन मी गप्प बसलो. भुतं अशीच बसत असावीत, घरातल्या घरात, कुणाला न दिसता.

अभयचे वडील पोपटराव एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि बिनशिक्क्याचा कागद साहेबांच्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. मुलगा हिंजवडीला आयटीत लागला, मग कंपनी लंडनला पाठवणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. एअरपोर्टवर मात्र अभयनं कुणाला येऊ दिलं नाही. "पहाटेची बस आहे, कशाला जागरण," म्हणाला आणि बॅग घेऊन निघून गेला.

दर मंगळवारी त्याची मेल यायची. पोपटराव कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन ती छापून घ्यायचे, घरी जयाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि फाइलला लावायचे.

बर्फाचं पत्र आलं त्या दिवशी कॅफेवाल्याकडून चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि पत्राबरोबर मीही छापला गेलो. पोपटरावांनी चष्मा पुसून मला पाहिलं.

"हे काय गिचमीड? नुसतं पत्र द्या हो. कचऱ्याचे पैसे मी देणार नाही."

बत्तीस वर्षं शिक्के पाहिलेल्या माणसानं शिक्क्यांचा कागद परत केला. कॅफेवाल्यानं माझ्या पाठीवर चहाचा हिशेब मांडला आणि मला फेकून दिलं. मी त्या पत्रामागे पुन्हा जाऊन बसलो.

जूनमध्ये मेल थांबल्या. एक मंगळवार गेला, दुसरा गेला, सहा गेले. जयाबाई रोज विचारायच्या, "अहो, आज जाऊन बघितलं का?" पोपटराव म्हणायचे, "कामात असेल." आणि चप्पल घालून पुन्हा कॅफेकडे जायचे.

सातव्या आठवड्यात मेल आली. अभयच्याच नावानं, अभयच्याच पत्त्यावरून, पण सगळी इंग्रजीत. लंडनमध्ये मला लुटलं, पासपोर्ट गेला, हॉटेलवाले सोडत नाहीत, तीन दिवसांत खालच्या नावावर पैसे पाठवा, फोन करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बँकेत निघाले. पासबुक जयाबाईंच्या पिशवीत होतं. मुलगी अक्षता कॉलेजात कंप्युटर शिकत होती. तिनं त्यांना वाटेतल्या कॅफेच्या दारातच गाठलं.

"पप्पा, पाच मिनिटं थांबा. दादा जय भीम लिहिल्याशिवाय पत्र सुरू करतो का?"

"घाबरलाय पोरगा," जयाबाई म्हणाल्या. "सुचलं नसेल. अगं, बँक गर्दी व्हायच्या आत गाठू दे."

"पाचच मिनिटं, मम्मी."

अक्षतानं त्या मेलचा हेडर उघडला. माझा तो भाऊबंद पडद्यावर आला.

"हे काय पुन्हा?" पोपटराव म्हणाले.

"मेल जिथे जिथे पोचते तिथे तिथे नोंद होते, पप्पा. नवी नोंद वर चढते, म्हणून खालून वाचायचं. वरचं नाव कुणीही टाकू शकतं."

पोपटराव वाकले. त्यांचं बोट तळाच्या ओळीवर टेकलं आणि हळूहळू वर सरकू लागलं.

"अगं, हे तर आवक शिक्के आहेत."

"हो. पण खालचे खोटेही मारता येतात. दादाची मेल ज्या कंपनीकडे आहे, तिच्या सर्व्हरनं मारलेला तेवढा खरा धरायचा. हा बघा. हा आकडा म्हणजे मेल लिहिली त्या यंत्राचा पत्ता."

तिनं तो आकडा शोधला. जो देश निघाला त्याचं नाव पोपटरावांनी कधी ऐकलंही नव्हतं. लंडनचा त्यात कुठे संबंध नव्हता. कुणीतरी अभयचा पासवर्ड चोरला होता.

जयाबाई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे तो ठीक आहे. मग लिहीत का नाही?"

"दादाच्या खऱ्या मेलचा हेडर बघू," अक्षता म्हणाली. "लंडनचा आकडा ताडून घेऊ."

आणि तिनं बर्फाचं पत्र उघडलं.

मला आयुष्यभर हेच हवं होतं. आणि त्या क्षणी वाटलं, हिनं मला उघडू नये.

तिनं आकडा शोधला. मग पुन्हा शोधला. मग जानेवारीतलं पहिलं पत्र, मार्चमधलं, जूनमधलं. सगळीकडे तोच आकडा. एका लहान इंटरनेट कंपनीचा, जिचं जाळं एवढ्या एकाच भागात होतं.

"कुठलं आहे?" पोपटरावांनी विचारलं.

"बिबवेवाडी. आपल्याच शहरातलं."

मग जयाबाईंनी विचारलं, "मग तो बर्फ?"

नोकरी नोव्हेंबरमध्येच गेली होती. मंदी होती, शेकडो पोरं घरी बसली. पेढे खाल्लेल्या गल्लीला तोंड कसं दाखवायचं, म्हणून अभय शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिला होता. हे त्याच्या मित्रांनी नंतर सांगितलं. आता तो कुठे आहे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पोपटरावांनी या वेळी मला मुद्दाम छापून घेतलं, खिशात ठेवलं आणि बिबवेवाडी पालथी घातली. चौथ्या सायबर कॅफेत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही मागितली, तेव्हा मालक हिंदुराव म्हणाले, "काका, इथे लोक मेल बघायला येतात. आपण वही बघायला आलात?"

"माझा मुलगा बघायला आलोय."

हिंदुरावांनी वही पुढे केली. अभयचं अक्षर वीस मंगळवारी होतं.

"शांत पोरगा," हिंदुराव म्हणाले. "आधी लंडनचं हवामान उघडायचा. मग टाइप करायचा."

शेवटच्या नोंदीत आत आल्याची वेळ होती. बाहेर गेल्याचा रकाना कोरा होता. हिंदुरावांनी तो भरायला पेन उचललं.

"राहू द्या," पोपटराव म्हणाले. "ज्याची नोंद त्यानंच पुरी करायची असते."

पोलिसांत तक्रार दिली आहे. तपास चालू आहे, असं ते सांगतात. दर मंगळवारी बाराच्या आत पोपटराव या कॅफेत दाराकडे तोंड करून बसतात. मी त्यांच्या खिशात आहे. घड्यांवर माझी अक्षरं पुसत चालली आहेत.

नावावर विश्वास टाकण्याआधी आम्हाला उघडा, एवढंच माझं मागणं. अनोळखी लोकांच्या पत्रांत तर उघडाच. पण "मी मजेत आहे" असं लिहिणाऱ्या आपल्या माणसाच्या पत्रातही एकदा उघडा, वेळेवर. मला पाच महिने उशीर झाला.

दार वाजलं. पोपटरावांनी मान वर केली. छत्री मिटत एक मुलगी आत आली, वहीत नाव लिहून तिसऱ्या यंत्रावर जाऊन बसली. पोपटरावांनी खिशावर हात ठेवला आणि पुन्हा दाराकडे पाहू लागले.